ताट बघायचं, तोंड नाही

३ फेब्रु., सोम.
एचआरवाल्यांनी ‘रिकामं ताट आठवडा’ काढलाय. ज्याचं ताट रिकामं त्याला चॉकलेट. वाटायचं काम माझ्याकडं, कारण कॅन्टीनमध्ये उष्टी ताटं परत घ्यायच्या कट्ट्यावर मीच असतो. आज एकानं माझ्या डोळ्यांदेखत आपला भात शेजारच्याच्या ताटात ढकलला आणि हात पुढं केला. म्हटलं, मिळणार नाही, जा. लगेच आमचा सुपरवायझर मंजण्णा पळत आला. त्याला चॉकलेट दिलं, वर सॉरी. मग मला बाजूला घेऊन, “तट्टे नोडु, मुख नोडबेड. ताट बघायचं. तोंड बघायचं नाही.”
तीन वाजता ओल्या कचऱ्याचे डबे काट्यावर, वजनाचा आकडा फळ्यावर. लोक फळ्यासमोर थांबून च्‌च च्‌च करतात, फोटो काढतात. दुसऱ्या हातात अर्धा गुलाबजाम सोडलेली वाटी.
मृणाल आज पिवळ्या कुर्त्यात. (इथून पुढं म. कुणी वही उघडली तर?)

५ फेब्रु., बुध.
आत्या पाचला उठते. बाजरीच्या भाकऱ्या, वरून तीळ, चौघडी घालून डब्यात. शेंगाचटणी, एखादी उसळ. दोन बसा बदलून मी बनशंकरीहून मारतहळ्ळीला. पावणेनऊला म. गेटपाशी कॅबमधून उतरते, डबा घेते, कालचा रिकामा देते. धुतलेला. पाच महिने झाले, एक दिवस चुकला नाही.
आत्या संध्याकाळी झाकण उघडून बघते. “सगळं खाल्लं बघ पोरीनं.” कोथिंबिरीच्या काड्यासुद्धा न टाकणारी बाई ती. तेवढ्यावरच म. तिला सून म्हणून पसंत.
ऑफिसात ओळख दाखवायची नाही हे ठरलंय. लोक बोलतात, म्हणाली. असू दे. बेळगावात कॉलेजला दोघं एका डब्यात जेवायचो, ते लोकांना कुठं माहीत. ती एक वर्ष पुढं होती. तिला इथं नोकरी लागली, मी सहाव्या सेमला कॉलेज सोडून तिच्यामागं आलो. बाबा अजून माझ्याशी फोनवर बोलत नाहीत. न बोलू देत. दिवाळीला निपाणीला तिच्या घरी विचारायचं ठरलंय. म्हणजे मी ठरवलंय.

११ फेब्रु., मंगळ.
आज एक विचित्र.
म.च्या टीममधली चष्मेवाली दोन ताटं घेऊन आली. एकात पनीर, नान, आणि टिश्यूखाली भाकरी. चौघडी घातलेली, तीळ लावलेली, एक घास तोडलेला नाही. इथल्या किचनात बाजरीचं पीठसुद्धा नाही.
म.नं चष्मेवालीला चव बघ म्हणून दिली असणार. तिला आवडली नसणार. या लोकांना काय कळतंय भाकरीतलं. चष्मेवालीचा इतका राग आला की ताट आपटलंच. मंजण्णानं बघितलं.

१२ फेब्रु., बुध.
आज म. स्वतः आली.
ताटात दोन्ही भाकऱ्या. उसळ भातावर ओतलेली, चटणी तशीच. ताट कट्ट्यावर ठेवलं आणि पलीकडच्या पोराशी हसत गेली. माझ्याकडं बघितलं नाही, ते तर ठरलेलंच आहे. पण ताटाकडं तरी.
रांग तुंबली. मागनं कुणीतरी “भैया, जल्दी.”
उसळ कचऱ्याच्या डब्यात ओतली. भाकऱ्या नाही टाकवल्या. एप्रनच्या खिशात घातल्या, घरी जाताना बसमध्ये खाल्ल्या. कडक झाल्या होत्या. शेजारचा म्हातारा बघत होता. बघू दे.
आत्यानं विचारलं, आवडलं काय रे तिला? म्हटलं, हो.

१३ फेब्रु., गुरू.
गेटवर मुद्दाम विचारलं. “कालची भाकरी कशी होती गं?”
“मस्त की! चटणी तर एकदम. आत्यांना म्हणावं, जरा जास्त घाला.”
पापणी हलली नाही तिची.
टाकली त्याचं एक वेळ सोडून देईन. पण ‘चटणी जास्त घाला’? म्हणजे आत्यानं आणखी शेंगा भाजायच्या, आणखी कुटायच्या, आणि मी काट्यावर…
डबा धुतलेला. आत्ता कळलं, धुवायचा कशासाठी.

१७ फेब्रु., सोम.
केलं एकदाचं. नको होतं करायला. नाही, हवंच होतं.
सव्वाला म. ताट ठेवून वळली. परत भाकऱ्या. मी कट्टा सोडला, ताट उचललं, तिच्या टेबलावर नेऊन ठेवलं. सात-आठ जण बसलेले. मराठीतच बोललो, मोठ्यानं. “पहाटे पाचला उठून माझ्या आत्यानं थापलेली आहे ही. खायची नसेल तर तोंडावर सांग. कचऱ्यात माझ्याच हातानं टाकायला लावतेस?”
तिचा टीम लीड म्हणाला, “यू नो हिम?”
म. ताटाकडं बघत म्हणाली, “पता नहीं यार. हमारे साइड का है शायद.”
शायद!
तीन वर्षं एका डब्यात जेवलेला माणूस शायद तिच्या साइडचा आहे.
मंजण्णानं दंडाला धरून आत नेलं. ओरडला नाही, त्याचंच जास्त लागलं. “तक्रार आली तर मी काय करू, सांग. उद्यापासून आत, भांड्यांकडं.”

१८ फेब्रु., मंगळ.
सुटल्यावर गेटबाहेर थांबलो. मला वाटलं, येणार नाही. आली, आणि सरळ अंगावर. राग आला की तिचं ऑफिसातलं मराठी पळून जातं.
“पहिल्याच आठवड्यात सांगिटलं नव्हतं तुला, नको आणू म्हणून? ऐकतोस तू कुणाचं?”
सांगितलं होतं. ‘कशाला उगीच त्रास’ म्हणाली होती. मी समजलो, लाजते.
म्हणाली, टीम रोज एकत्र जेवते. मी डबा उघडला की सगळे डोकावतात. पहिले दोन महिने मी खात होते, मग नाही झालं. तुला सांगायचं रोज ठरवायचे. तू गेटावर दात काढून उभा असायचास. आत्यांना वाईट वाटू नये म्हणून धुवून द्यायचे.
मी म्हटलं, अन्न टाकताना वाटलं नाही वाईट?
त्यावर जे बोलली ते लिहू नये असं वाटतंय. लिहितो.
“आणि तू कॉलेजची तीन वर्षं टाकलीस ते रे? मला विचारलंस? वर सगळ्यांना सांगतोस, हिच्यासाठी सोडलं म्हणून. मी मागिटलं नव्हतं ते. तुझी भाकरीपण मागिटली नव्हती.”
कॅब आली, गेली.
  

२० फेब्रु., गुरू.
आत्याला सांगत होतो, म. रजेवर आहे. आज तिनं पोळपाट बाजूला ठेवला. “रजेवर आहे तर तू का असा? जेवणात लक्ष नाही, भात चिवडालायस.”
सगळं सांगून टाकलं. बसमध्ये खाल्लेल्या भाकऱ्यांसकट. वाटलं, आत्या तरी म.ला चार शिव्या घालेल.
आत्या म्हणाली, “दोन महिने खाल्ली म्हणाली नव्हं ती? खाल्ली असंल.” मग, “पाच महिने मी पाचला उठले, आणि तू एकदा तिला विचारलं नाहीस, हवंय काय म्हणून?”
“आत्या, तिनं तुझं अन्न टाकलं!”
“टाकलं ते चुकलंच. मलाबी लागलं. पण तू रडतोयस ते भाकरीसाठी काय?”
उठून गॅलरीत गेलो. हीसुद्धा तिच्या बाजूची. माझ्या बाजूनं कोण आहे मग? मंजण्णा?

२१ फेब्रु., शुक्र.
भांड्यांकडं बरं आहे. वाफेत कुणाचं तोंड दिसत नाही. आकडा फळ्यावर आता दुसरा पोरगा लिहितो.

२२ फेब्रु., शनि.
दुपारी म.चा मेसेज. ‘उद्या घरी येऊ? आत्यांशी बोलायचंय. तुझ्याशी पण. स्वल्पच वेळ.’
माफी मागायला? की समोर बसवून कायमचं संपवायला? ‘पण’ म्हणजे काय? आधी आत्या, मग मी पण? वीस वेळा वाचला. ‘ये’ टाइप केलं, खोडलं. ‘येऊ नकोस’ टाइप केलं, खोडलं. तिला दिसत असणार, टायपिंग, टायपिंग, आणि काहीच नाही.
एक मन म्हणतं, बोलाव आणि दारातनं परत पाठव. म्हणू दे आत्याला, हमारे साइड की है शायद. पण आत्या असलं म्हणायची नाही.
मघाशी आत्या वाटी घेऊन आली. उद्याच्या उसळीला हरभरे भिजत घालायचे होते. “दोघांचे घालू की तिघांचे? उगीच जास्त नको.”
मेसेज तिनं बघितला असेल काय? फोन उघडाच पडला होता.
“सांग की रे.”
म्हटलं, थांब जरा.
“सरी, बरं,” म्हणाली. पण गेली नाही. वाटी हातात धरून दारातच उभी आहे, आणि मी हे लिहीत बसलोय.