एव्हरार्डच्या माघारी

हॉल्टबी, लिंकनशायर
ऑक्टोबर १८२५

प्रिय सबिना,

अक्षर ओळखलंस ना? नऊ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि तुझी पत्रं न फोडताच परत पाठवली. आता राग धरायचा म्हटलं तरी अंगात त्राण लागतं, तेच उरलेलं नाही. माझी धाकटी बहीण माझ्या नवऱ्याबरोबर पळून गेली, हे वाक्य मी मनात इतक्या वेळा घोळवलं की त्याची धारच गेली. एवढीच विनंती आहे, हे पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच शेकोटीत टाकू नकोस.

एव्हरार्ड गेल्याचं तुला ड्रेस्डेनला वर्तमानपत्रातूनच कळलं असेल. ग्रीकांच्या स्वातंत्र्यासाठी लढताना हातात तलवार घेऊन तो पडला, असं इकडे छापून आलं. खरं तर तो ग्रीसला पोचलाच नाही. लिव्होर्नोच्या बंदरात जहाजाची वाट बघताना त्याने कालवं खाल्ली, पोट बिघडलं, ताप चढला आणि डॉक्टरांनी रक्त काढून काढून उरलासुरला जीवही काढून घेतला. तलवार सामानात बांधलेली होती. ती इथे आल्यावर मी ओढून पाहिली, म्यानातून निघेना.

एप्रिलमध्ये शवपेटी आली. लंडनमध्ये त्याला पुरायला कुणी जागा देईना म्हणून इथे आणावी लागली. आमचे पाद्री क्रॅबट्री टोपी हातात फिरवत म्हणाले, "लेडी थॉर्न, देवाची हरकत नसेलही, पण माझ्या बायकोची आहे." शेवटी आवाराच्या भिंतीलगत, काटेरी झुडपांशेजारी जागा मिळाली. आणि मग लोक आले, गाड्या भरभरून! सगळी तरुण पोरं. गळ्याशी सदरा उघडा, केस मुद्दाम विस्कटलेले, नजर दूर कुठेतरी. एकजात सगळे एव्हरार्डच्या कवितेचा नायक कोरव्हान झालेले. थंडी अशी होती की निम्मे कोरव्हान शिंकत होते. एकाने माझ्यापुढे गुडघे टेकले आणि एव्हरार्डच्या केसांची एक बट मागितली. मी इतकी थकले होते, सबिना, की तबेल्यात जाऊन काळ्या घोड्याच्या शेपटीचे चार केस कापून आणून दिले. तो त्यांचं चुंबन घेऊन रडला.

त्याला काय हसायचं? आपण तरी काय वेगळ्या होतो? कोरव्हान कुणापुढे मान झुकवत नाही, त्याला घर बांधून ठेवत नाही, ज्याच्यावर प्रेम करतो त्याचा नाश करतो आणि मग वादळात कड्यावर एकटा उभा राहतो. तू सोळा वर्षांची असताना पांघरुणात शिरून तो अख्खा सर्ग पाठ म्हणायचीस आणि मी वरून उशी मारायचे. मी एव्हरार्डशी लग्न केलं तेव्हा तू आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हतीस. तो कड्याचा प्रसंग त्याने कुठे लिहिला, सांगू? ब्रायटनला, आमच्या पलंगावर, छातीला मोहरीचा लेप लावून. उंचीची त्याला इतकी भीती होती की जिना उतरतानाही माझा दंड धरायचा. हे मला ठाऊक होतं, आणि तरी तो जेवणाच्या टेबलावर चढून पेले फोडायला लागला की मला वाटायचं, मोठ्या माणसांचं असंच असतं. राजाविरुद्ध बोलला, बिशपविरुद्ध बोलला, त्याबद्दल लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मी आपली खाली वाकून काचा वेचायचे.

तुझं काय झालं ते मला तुटक तुटक कळत होतं. जिनिव्हाला मुलगी झाली, तिचं नाव आपल्या आईचं, मटिल्डा, ठेवलंस, हे मावशीने सांगितलं होतं. ती तीन वर्षांची असताना 'मी हिला राजकन्येसारखी वाढवीन' म्हणत त्याने तिला आपल्याकडे घेतलं आणि तुला मात्र घराबाहेर ठेवलं. तू व्हेनिसला त्याच्या दाराशी जायचीस आणि दरवेळी ती झोपलीय म्हणून ऐकून परतायचीस, हे मला आत्ता कळलं, जाइल्सकडून.

जाइल्स पेकओव्हर आठवतो ना, त्याचा नोकर? मालकाला पोचवायला शवपेटीबरोबर आला आणि इथेच राहिला. स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसायचा, समोर ठेवलेलं मटण तसंच गार व्हायचं. आमच्या स्वयंपाकिणीला वाटलं तिच्या हाताला दोष देतोय. तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. त्या दिवशी दुपारी तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"बाईसाहेब, मला हाकलून द्या."

"का रे बाबा? तिचं नको मनावर घेऊस."

"तसं नाही. मी सबिनाबाईंना खोटं सांगितलं. मालकांनी सांगायला लावलं, पण तोंड माझंच होतं."

पुढचं सगळं त्याने सांगितलं. आणि जून उजाडताच, बोटीत पाय ठेवल्याबरोबर जिला मळमळतं अशी मी, जाइल्सला घेऊन इटलीला निघाले. आल्प्स कसे पार केले ते विचारू नकोस. मी गाडीचा पडदा ओढून डोळे मिटून घेतले होते.

बोलोन्याच्या पलीकडे टेकडीवर एक मठ आहे. मोठ्या सिस्टरने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "आपण आई का?" मी लॉर्ड थॉर्नची विधवा, हे खरं. मी नुसती 'हो' म्हणून मान हलवली. देव काय म्हणायचं ते म्हणो. मग आतून एक मुलगी आली, सात वर्षांची, केस अगदी बारीक कापलेले, हातात कपड्यांचं गाठोडं. ती मला बघून रडली नाही की हसली नाही. परतीच्या वाटेवर घोडे बदलायला गाडी कुठेही थांबली की ती आपलं गाठोडं उचलायची आणि खाली उतरून भिंतीला टेकून उभी राहायची. मला पहिल्यांदा कळेना. जाइल्स हळूच म्हणाला, "तिला वाटतंय, आता इथे सोडणार." तेव्हापासून प्रत्येक नाक्यावर मीही उतरले आणि तिच्याशेजारी भिंतीला टेकून उभी राहिले, गाडी पुन्हा जुंपेपर्यंत. कॅलेच्या बंदरावर पोचल्यावर तिने गाठोडं पहिल्यांदा गाडीत ठेवलं आणि नुसतीच उतरली.

हे मी पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. पण लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं, इतक्या वर्षांनी बहीण सूड उगवतेय, किंवा तिला वेड लागलंय. टायफसच्या साथीत ती गेली, सगळ्यांसाठी एकच खड्डा, थडगं दाखवता येत नाही, हे जे जाइल्सने तुझ्या खोलीच्या दारात उभं राहून सांगितलं, त्यातलं काहीही घडलं नव्हतं. एव्हरार्डला तिच्या रडण्याने लिहिता येईना आणि तुझ्या येण्याजाण्याने झोप लागेना, म्हणून त्याने तिला त्या मठात टाकलं आणि दोन्ही एकदम मिटवलं. सबिना, मटिल्डा जिवंत आहे. ती आत्ता खाली स्वयंपाकिणीशी इटालियनमध्ये भांडतेय आणि ती तिला लिंकनशायरच्या बोलीत उत्तरं देतेय. तिला घेऊन मी थेट ड्रेस्डेनलाच येणार होते, पण तू शिकवतेस त्या घरात तुला मूल आहे हे ठाऊक नसणार, आणि तुला न विचारता मी दारात कशी उभी राहू? तू ये. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, घर मोठं आहे. काल मी तिला सांगितलं की मी तुझी आई नाही, मावशी आहे. आई दूर असते. तिने विचारलं, "मग ती मला सोडून का गेली?" मी म्हटलं, तिला कुणीतरी सांगितलं होतं की तू मेलीस. ती चिडून म्हणाली, "अहो, मग तिला सांगा ना लवकर!"

म्हणून लिहिलं.

तुझीच, अजूनही,
ऑनर