माझं आतडं आणि माइकनचं च्युइंगम

चिरंजीव एस्बेन यास ताईचे भरभरून आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या लिस्बेटच्या कोंबड्या अंडी देतायत ना? तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून पत्र फाडू नकोस, निदान हे पान वाच. काही काम नाही, सहजच लिहिते आहे.

रविवारी माझ्या आतड्याला पीळ पडला. मी हट्टाने गरम पाणी पीत बसले, शेवटी शेजारणीने अँब्युलन्स बोलावली आणि लगोलग पोट उघडावं लागलं. आता आईच्या ऑपरेशननंतर होतं तसं दहा दिवस उताणं पडून चमच्याने पाणी प्यायचं, अशी माझी समजूत. पण इथे पद्धतच पालटली आहे. दुसऱ्या सकाळी नाकातली नळी काढली आणि मला खुर्चीत बसवलं. दुपारचं जेवणही कोणी पलंगावर आणून देईना. कॉरिडॉरच्या टोकाला टेबल मांडलेलं असतं, तिथवर पोटावरच्या टाक्यांसकट चालत जायचं आणि राय धान्याचा काळा पाव आपला आपण वाढून घ्यायचा. (वाटेत जो तो विचारतो, वारा सरला का? अडतीस वर्षं शाळेत दरारा ठेवून हे ऐकायचं!)

त्यात आतडं जागं व्हावं म्हणून दिवसातून तीनदा च्युइंगम. ते देणारी नर्स कोण, तर माइकन, माझीच जुनी विद्यार्थिनी. वर्गात च्युइंगम चघळलं म्हणून मी हिला तासभर दाराबाहेर उभं केलं होतं. आता ती घड्याळ लावून माझ्यासमोर उभी राहते आणि मी मुकाट्याने चघळते. कॉरिडॉरच्या पहिल्याच फेरीत माझा तोल गेला, तेव्हा तिने पाठीला हात लावला.

"बाई, मी आहे ना. पडू नाही देणार तुम्हाला."

मला रडू आलं, एस्बेन. जिला मी बाहेर काढलं, तिने मला धरलं होतं. मग तुझी आठवण आली. माझ्या सत्तरीला तू माझ्यावर गाणं रचलंस, सगळ्या पाहुण्यांनी ते गायलं, आणि मी त्याच कागदावर लाल शाईने दहापैकी सहा लिहून तो तुझ्या हातात दिला. तू केक न खाताच निघून गेलास. गाणं सुरेख होतं. चूक माझी होती, आणि हे सांगायला मला तीन वर्षं लागली.

तुझी ताई,
आग्नेटे

ता. क. काल वारा सरला. वॉर्डभर आनंद झाला. लिस्बेटला सांगू नकोस.

पुन्हा ता. क. शुक्रवारी मला सोडतायत, पण आठवडाभर घरात सोबतीला कोणी असेल तरच, नाहीतर वृद्धाश्रमात ठेवतील. भाऊ येणार आहे, असं मी तुला न विचारताच सांगून टाकलं. येशील? (माइकन तुझ्याच गल्लीत राहते, हे पत्र तीच तुझ्या पेटीत टाकेल.)

शेवटचा ता. क. भूल देण्याआधी त्यांनी घाईघाईने विचारलं, जवळचं कोण? मी तुझं नाव सांगितलं, नंबरही पाठ होता. फोन मात्र करू नका म्हटलं. तू उचलला नसतास, तर ते मला ऐकवलं नसतं.