बाईसाहेब नेमकी कोणाची?

प्रिय दादा,

तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण विचारलं तरी तू 'बरा आहे' एवढंच कळवणार. इकडे सगळे ठीक आहोत. बाईसाहेबही ठीक आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. गाढविणीला बाईसाहेब म्हणायची कल्पना वहिनीचीच. पावाच्या टोपल्या पाठीवर घेऊन ती चढावर मध्येच थांबायची आणि वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणायची, "बाईसाहेबांचा विचार झाला की निघू." वहिनी गेली, तू बेकरी बंद केलीस, बंदरावर नोकरी धरलीस आणि बाईसाहेबला माझ्या परसात बांधून गेलास. तेव्हापासून ती आपलीच, असं मी समजून चालले होते. कायद्याचं म्हणणं काय असतं ते मात्र आत्ता कळलं.

झालं असं, की दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी दाट धुकं होतं. मी पुस्तकं बांधायला बसले होते. हात खळीनं भरलेले, आणि बाहेर कोणीतरी माझ्या नावानं ओरडतंय. बाईसाहेब दोर चावून निसटली होती आणि कालव्याच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध उभी होती. आपली शिंपीणबाई, कोपऱ्यावरच्या दुकानातली, सायकलवरून शिवलेले कपडे पोचवायला निघाली होती. धुक्यात तिला एकदम दोन कान दिसले म्हणे. तिनं सायकल वळवली ती थेट कठड्यावर. मी धावत पोचले तेव्हा ती रस्त्यात बसली होती, उजवा हात मांडीवर धरून, आणि आपली बाईसाहेब शेजारी उभी राहून कपड्यांचा गठ्ठा हुंगत होती, जशी काही खबर घ्यायला आली आहे. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. दादा, शिंपिणीचं उजवं मनगट. तिच्या घरात कमावणारी ती एकटी.

तिनं दावा लावला. मला राग आला नाही असं म्हणणार नाही. रोज समोरासमोर दिसणारी बाई, एकदा बोलायला तरी यायचं! पण मग वाटलं, तिनं का यावं? आपल्या वकिलाकडे गेले. आपला म्हणजे मामाचा धाकटा. लहानपणी तुझी गोट्यांची पिशवी पळवणारा. त्यानं खुर्चीत रेलून मला दोन वाटा दाखवल्या. एक, कागदोपत्री मालक दादा आहे. तो इथं नाही, तू नुसती चारा घालणारी, तेव्हा सगळं त्याच्यावर ढकल. ही वाट मी त्याला पुरती बोलूही दिली नाही. दुसरी वाट अशी, की जनावर सुटायची खोड सांभाळणाऱ्याला आधीपासून माहीत असेल तर जबाबदारी पुरी त्याची. माहीत नसेल तर भार पुष्कळ हलका होतो. "ती याआधी कधीच सुटली नव्हती, एवढंच म्हण. हे खोटं नाही गं, थोडं कमी खरं," असं म्हणाला.

कोर्टात पंखा घरघरत होता. न्यायाधीशबाई वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी चष्मा पुसत पुसत विचारलं, "हे जनावर कोणाचं?" मी म्हटलं, "माझ्या भावाचं होतं. आता मी सांभाळते, म्हणजे माझंच." वकिलानं तिथेच डोळे मिटले. मग त्यांनी विचारलं, "याआधी कधी सुटलं होतं?" शिंपीणबाई समोरच्या बाकावर बसली होती. प्लॅस्टरमधला हात तिनं तान्ह्या मुलासारखा धरला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "बऱ्याचदा. सुटली की कुठं जाते तेही मला ठाऊक आहे. तिच्या जुन्या बेकरीच्या मागच्या फाटकाशी जाऊन उभी राहते. मी जाते आणि घेऊन येते." न्यायाधीशबाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मग पक्का बंदोबस्त का केला नाहीत?" दरवेळी तिला तिथून ओढून आणताना माझाच पाय निघायचा नाही, हे कोर्टाला कसं सांगायचं?

निकाल आपल्याविरुद्ध लागला, आणि तो बरोबर लागला. उपचार आणि बुडलेलं काम, दोन्ही आपल्या अंगावर. बाहेर पायऱ्यांवर शिंपीणबाईनं मला थांबवलं. "तुम्ही नाही म्हणाला असतात तर माझ्याकडे एकही साक्षीदार नव्हता," म्हणाली. मग जरा घुटमळत, "बटणं लावता येतात का तुम्हाला?" आता रोज दुपारी मी तिच्या दुकानात बसते. ती डाव्या हातानं खुणा करते, मी काज आणि दुमडी शिवते. पुस्तकाची शिवण आणि झग्याची शिवण यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, हे ती मला दिवसातून चारदा ऐकवते. परवा मी एका कोटाची बाही उलटी लावली तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. खूप दिवसांनी मीही हसले.

पण निकालात आणखी एक कलम होतं, आणि या पत्राचं खरं कारण ते आहे. महिन्याच्या आत बाईसाहेबला भिंतीच्या आणि फाटकाच्या आवारात ठेवायचं, नाहीतर ती कोंडवाड्यात जाणार आणि तिथून लिलावात. माझ्या परसाला नुसती तार आहे, आणि घरमालक भिंत बांधू देत नाही. असं आवार मला एकच माहीत होतं, आपल्या बेकरीचं. जाताना तू बजावलं होतंस, ते दार कोणीही उघडायचं नाही. दादा, मी उघडलं. लोहाराला बोलावून मागच्या फाटकाचं कुलूप कापून घेतलं. दुसऱ्या कोणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी मीच सांगते आहे. आवार झाडलं, भिंतीची पडकी कड लिंपून घेतली. आतल्या तुमच्या घराच्या दाराला हातही लावला नाही; तो हक्क तुझा. बाईसाहेब आत आली, भट्टीच्या भिंतीला अंग लावून बसली, आणि त्या दिवसापासून तिनं दोर चावलेला नाही. फाटकाला नवं कुलूप आहे. त्याची एक किल्ली या पाकिटात घातली आहे. रागावला असशील तर ती परत पाठव, मी काय ते समजेन. नसशील रागावलास, तर ठेवून घे आणि कधीतरी घेऊन ये.

वाट बघत असलेली,
तुझीच
धाकटी