आपण ठरवलेल्या खुणा

प्रिय ड्रायव्हरीणबाई,

'प्रिय' लिहावं की नाही, यावर बराच वेळ पेनाचं टोपण चावत बसले होते. मग म्हटलं, इतक्या वर्षांची सवय एका सामन्यानं थोडीच जाणार आहे? राहू दे. मात्र पुढचं सगळं प्रिय वाटेल असं नाही, हे आधीच सांगून ठेवते. बस चालवताना वाचू नकोस.

उपांत्य सामन्यापासून चिमणी सरावाला आलेली नाही. ज्या सामन्यात समोरच्या बाकावर तू होतीस, तोच. त्या पोरीला पिचर म्हणून, चेंडू फेकायला, तूच उभं केलंस. इतर मुली तिला काडी म्हणायच्या, तेव्हा जोर दंडात नसतो, कमरेत असतो, हे तू तिला भिंतीसमोर उभं करून शिकवलंस. त्या दिवशी तिचा एकेक चेंडू तुझ्या नव्या संघातल्या मुलींनी बदडून काढला. दुसऱ्या दिवशी तिची आई माझ्या दुकानात आली आणि काउंटरवर ग्लोव्ह ठेवून म्हणाली, "ती म्हणते, मला येत नाही, दुसऱ्या कुणाला तरी द्या." मी एका आजोबांच्या चष्म्याची काडी बसवत होते. हातातला बारका स्क्रू खाली पडला तो अजून सापडलेला नाही.

तुला आठवतं, आपल्याला सॉफ्टबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. माझी लेक चेंडू फेकायची, तुझी लेक तो झेलायची आणि आपण दोघी पाण्याच्या बाटल्या भरायचो. जुन्या कोचची बदली झाली आणि क्लबच्या सेक्रेटरीनं शिट्टी आपल्या हातात दिली, कारण काय, तर वेळेवर येणाऱ्या आया फक्त आपणच! मग तुझ्या स्वयंपाकघरात बसून आपण खुणा ठरवल्या. मी बाकावरून खूण करायची, कॅचरनं ती पिचरला पोचवायची. माझी लेक खोटं बोलताना कान चोळते, म्हणून मी कान चोळला की हळू, फसवा चेंडू. तुझी लेक भूक लागली की मोजे वर ओढते, म्हणून हात मोज्याला गेला की वेगाचा चेंडू. पोरी केवढ्या चिडल्या होत्या! आमची थट्टा करता म्हणून दोघी रुसून बाहेर जाऊन बसल्या. तू चहा गाळता गाळता इतकी हसलीस की अर्धा चहा ओट्यावर.

पोरी गेल्या. जायच्याच होत्या. माझी परगावच्या दवाखान्यात लोकांचे एक्स-रे काढते. रविवारी फोन करते आणि "आई, अजून जातेस का गं तिकडे?" असं जुन्या दुखण्याची चौकशी करावी तशा सुरात विचारते. तुझ्या लेकीनं कॅचरचा मुखवटा विकून गिटार घेतली. आपण मात्र जातच राहिलो. कुंपणापाशी एका वडिलांनी विचारलं होतं, "यातली तुमची मुलगी कुठली?" तू म्हणालीस, "सगळ्या. आवडेल ती घेऊन जा, फक्त जेवायला पोटभर घाला." बिचाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्या दिवशी तुझ्या रिकाम्या बसमधून परत येताना तू म्हणालीस, "बाई, कोचिंग थांबवायचं तर दोघींनी एकाच दिवशी. एकटीनं थांबायचं नाही." मी तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं. तूच बोललीस, आणि मी ते धरून बसले.

मग तुझ्या गुडघ्यांचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केलीय म्हणालीस. मी विश्वास ठेवला, ठेवणारच. डब्यातून सूप आणलं, शेकायची पिशवी आणली, तुझ्या जिन्याला शिव्या दिल्या. निरोपाच्या दिवशी मुली रडल्या, मीही रडले, आणि चिमणीनं स्वतःचे गुडघ्यांचे पॅड काढून तुझ्या हातात ठेवले. "मावशी, तुम्हाला जास्त लागतील." ते तू घेतलेस. बाकी सगळं मी एक वेळ पचवीन, पण ते पॅड तू घेतलेस कसे? तुझा हात पुढे झाला कसा?

तू गेल्यावर नवी मदतनीस आई म्हणाली, कोच गेल्या, आता खुणा बदलायला हव्यात, तसा नियमच असतो. मी तिच्यावर खेकसले, "ती गेलेली नाही, तिचे गुडघे गेलेत." बाकावर माझ्या शेजारी तुझी घडीची खुर्ची मी दर सरावाला उघडून ठेवायचे. माझा मूर्खपणा म्हण हवं तर. खुणा बदलल्या तर तू परत येणार नाहीस, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं.

आणि सामन्याच्या दिवशी पलीकडे बघते तर तू. निळा ट्रॅकसूट घातलेली, एका मुलीच्या बुटाची नाडी बांधत उकिडवी बसलेली. उकिडवी! आधी मला आनंद झाला, खरं सांगते. म्हटलं, बरे झाले वाटतं गुडघे. मग उजेड पडला. दिव्यांचं मैदान असलेला तो मोठा क्लब, ते कपडे, त्यावरचं तुझं नाव, हे काही एका रात्रीत होत नाही. मी सूप आणत होते तेव्हा तुझं सगळं ठरलेलं होतं आणि तू ताकास तूर लागू दिली नव्हतीस.

तरीही मी खेळ चालू ठेवला. मी कान चोळला की तू एक टाळी वाजवायचीस आणि तुझी फलंदाज थांबून, चेंडू येऊ देऊन मारायची. माझा हात मोज्याला गेला की दोन टाळ्या, आणि बॅट आधीच निघालेली. मला वाटलं, योगायोग असेल. माझे डोळे मला सांगत होते आणि मी डोळ्यांनाच खोटं पाडत होते, चष्मेवाली असून. शेवटी मी हात खिशात घातले, तोवर चिमणीचा खांदा पडला होता. ती चेंडूकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती, आपलं काय चुकतंय म्हणून.

तू म्हणशील, समोरच्याच्या खुणा ओळखणं हा खेळाचाच भाग. असेल. पण तुला त्या ओळखायच्या कुठे होत्या? तू त्या केल्या होत्यास. याला खेळ नाही म्हणत गं, याला केसानं गळा कापणं म्हणतात. तिकडे जायचंय असं नुसतं सांगितलं असतंस, तर मी भांडले असते, आठवडाभर तोंड फिरवलं असतं, आणि मग तुझ्या त्या निळ्या ट्रॅकसूटची पँट लांबीला कमी करून दिली असती. माझ्यावर तेवढाही भरवसा नव्हता तुझा?

माफी मागायला येऊ नकोस. आलीस तर मी दुकानातच असेन आणि गिऱ्हाइकाशी बोलत राहीन. हे पत्र त्यासाठी नाही. काल मी चिमणीच्या घरी गेले होते. तिला सगळं सांगितलं, खुणा, टाळ्या, सगळं. म्हटलं, तू चांगलंच फेकत होतीस, त्यांना आधीच कळत होतं. ती मान खाली घालून ऐकत होती. मग म्हणाली, "मावशी असं करणार नाहीत. मला बरं वाटावं म्हणून सांगताय तुम्ही." तुला खोटं ठरवण्यापेक्षा त्या पोरीनं स्वतःचा हात खोटा ठरवलाय. तेव्हा तू जा. तिच्यासमोर बस आणि 'टाळ्या मीच वाजवल्या' हे तुझ्या तोंडानं सांग. त्यानंतर ती तुला मावशी म्हणणार नाही, हे मला माहीत आहे आणि तुलाही. तरी जा. तुझ्यावरचा तिचा विश्वास माझ्याच्यानं मोडत नाही, तो तुलाच मोडावा लागेल.

तुझीच (सवयीनं लिहिलं, खोडत नाही),
चष्मेवाली