पाणी आहे, गाव नाही

सर,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्ही चुकलात हे दाखवायला मला आता बल्गेरियातला एक डोंगराळ मुलूख सापडला आहे. तिथे त्याला नगरपालिका म्हणतात, पण आहे आपल्या तालुक्यासारखाच: मध्ये लहानसं शहर, भोवती उतारांवर विखुरलेली खेडी. नदी आहे, झरे आहेत, आलुबुखाराच्या बागा आहेत. तुमच्या सिद्धांताप्रमाणे ही खेडी भरलेली असायला हवीत. त्यातली काही नकाशावर आहेत आणि आत माणूस एकही नाही. तुमच्या स्मृतिग्रंथातल्या लेखासाठी मी मुद्दाम हाच तालुका निवडला.

एम.ए.चं सेमिनार आठवतं. फळ्यावर तुमचं ठळक अक्षर आहे, 'पाणी टिकलं की गाव टिकतं'. मी उभी राहून विचारते, "सर, आणि मुलीच निघून गेल्या तर?" तुम्ही माझ्याकडे नाही, सगळ्या वर्गाकडे बघता. "मुली जातात त्या सासरी जातात, बाई. गाव कुठे जातं?" वर्ग हसतो. हसू ओसरेपर्यंत तुम्ही थांबता आणि म्हणता, "हिला एखादं स्थळ बघा रे कुणीतरी, म्हणजे शंका फिटेल." मीही हसते, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं. पुढे डिग्री मिळेपर्यंत मुलं मला 'स्थळ' म्हणत होती, आणि त्या विभागात मी पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही.

आता सिंगापुरात, वन-नॉर्थमधल्या ऑफिसात माझ्या शेजारी त्याच तालुक्यातली एक बाई बसते. हॉकर सेंटरमध्ये नूडल्स खाताना ती सांगत होती, "आमच्या गावात झऱ्याचं पाणी दगडी कुंडात रात्रंदिवस पडतं. भरायला जवळजवळ कुणी नाही." लोक कधी गेले, मी विचारलं. "आधी मुली गेल्या, शहरात, गिरणीत. मग मुलगे. राहून करणार काय, शेळीबरोबर नाचणार?" मी इतकी हसले की ताटं उचलणारी आंटी वळून बघायला लागली. मग तिने सांगितलं की तिकडे माणूस गेला की फोटोसकट कागद फाटकावर लावतात, आणि पुढेही दर वर्षी नवा. "आता फाटकांवर चेहरे जास्त, आत माणसं कमी."

तुम्ही पहिला प्रश्न विचारला असता, "गावात पाय ठेवलास का?" नाही. मी ते वरून पाहिलंय, उपग्रहातून. रात्री दिवे दिसत नाहीत म्हणून तिचं गाव मी निर्मनुष्य धरलं होतं. ती म्हणाली, "आई आहे ना तिथे. आठला दिवा मालवून झोपते." मी दुरुस्ती केली. एका तालुक्याने सिद्धांत पडत नाही हेही मला कळतं. तुम्ही दुष्काळी पट्टा पायी फिरलात आणि तिथे तुमचं म्हणणं खरं आहे. ते मी लेखात लिहिलंय, एका वाक्यात. तुमच्या विनोदाला मात्र अख्खा परिच्छेद दिलाय.

काल तुमच्या मुलीचा फोन आला. ग्रंथाचं संपादन तीच करते आहे. "ताई, लेख आवडला. पण बाबांचं ते स्थळाचं... आईला आता दिसत नाही, मीच सगळं वाचून दाखवणार आहे. ठेवायचं का? तुम्ही म्हणाल तसं." मी म्हटलं, उद्या कळवते. तुमच्या घरून काकूंनी आम्हा मुलींना कधी चहाशिवाय जाऊ दिलं नव्हतं. रात्री तो परिच्छेद काढून पाहिला. लेख काही बिघडत नव्हता, उलट नेटका झाला. सकाळी ऑफिसला जाताना एमआरटीत उभ्या उभ्या तिला मेसेज केला, "ठेव. विषयाच्या इतिहासासाठी ते जसंच्या तसं राहायला हवं." लगेच उत्तर आलं, "पटलं, ताई."

तिला खरं सांगितलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही ते कुणाला सांगू शकत नाही. विषयाच्या इतिहासाचं मला काही पडलेलं नाही, सर. काकूंनी ते ऐकावं, एवढंच मला हवं होतं.