ज्या शिष्यवृत्तीचा फ्लेक्स लागणार नाही

मी, गोरक्षनाथ आसाराम गागरे, वय ६९, धंदा फ्लेक्स छपाई, राहणार श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर, हे मृत्युपत्र राजीखुशीनं, कुणाचा दाब नसताना, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. येत्या सोमवारी छातीचं ऑपरेशन आहे. सगळे म्हणतात, काका, आजकाल काही होत नाही. मग माझ्या एवढ्या सह्या कशाला घेतल्या? वकीलसाहेब म्हणाले, मुद्द्याचं तेवढं लिहा. पण मुद्दा नीट कळला नाही तर माझा पुतण्या ज्ञानेश्वर पुन्हा घोळ घालील, या धास्तीनं सविस्तर लिहीत आहे.

कलम १. माझं लग्न झालेलं नाही, मूलबाळ नाही. पोटच्या पोरानं सांभाळावं तसं ज्ञानेश्वरनं मला सांभाळलं. दुकान, छपाईचं मशीन, शिड्या, बांबू हे सगळं त्याचं. अट एकच, ती कलम ४ मध्ये आहे.

कलम २. बँकेतल्या ठेवी आणि माझा प्लॉट विकून जे येईल ते शिष्यवृत्तीसाठी ठेवावं. ज्या मुलाचा मुलावर, मुलीचा मुलीवर जीव जडतो, किंवा ज्यांना जन्मानं मिळालेलं बाईपण-पुरुषपण आपलं वाटत नाही, अशा कॉलेजात शिकणाऱ्यांसाठी ती आहे. वकीलसाहेबांनी 'एलजीबीटी' शब्द सुचवला. असू द्या, पण या कागदातच. मुलांच्या हाती जाणाऱ्या कुठल्याही कागदावर 'विद्यार्थी सहाय्य निधी' एवढंच छापावं. कागद घरी जातात, घरची माणसं वाचतात. कारभार राहुरीच्या धनश्री मॅडम पाहतील. त्या मुलांना शिकवतात, आणि मुलं त्यांच्याशी मनातलं बोलतात.

कलम ३. पुरावा मागायचा नाही. माझ्याकडे कुणी मागितला असता तर मी काय दिला असता? ज्ञानेश्वर म्हणाला, "काका, एखादा खोटं बोलून पैसं नेईल की." नेऊ दे. आपल्या जिल्ह्यात फीसाठी जो हा शब्द स्वतःला लावून घेईल, त्याची नड खरीच असणार.

कलम ४. शिष्यवृत्ती घेणाऱ्याचं नाव, फोटो, गाव कधीही फ्लेक्सवर येणार नाही. सत्कार नाही, शाल-नारळ नाही, मोबाईलवर अभिनंदन नाही. हे मोडलं तर मशीन विकून पैसे निधीत टाकावेत. ज्ञानेश्वर, रागावू नकोस. तुझं मन साफ आहे, त्याचीच मला भीती वाटते.

हे का लिहावं लागलं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी पहिली शिष्यवृत्ती अकोले तालुक्यातल्या एका मुलीला दिली. तिचं नाव इथं लिहीत नाही. आपल्याकडे पोरगं नवोदयला लागलं तरी चौकात फ्लेक्स लागतो, आणि मी जन्मभर त्यावरच पोट भरलं. ज्ञानेश्वरनं मला न विचारता तिचा छापला आणि पहाटेच टेम्पोत घालून तिच्या गावी नेला. मग मला फोन. "काका, यष्टी स्टँडसमोर लावलाय. लई भारी दिसतोय!"

"काय लिहिलंयस त्याच्यावर?"

त्यानं वाचून दाखवलं. हार्दिक अभिनंदन, तिचं पूर्ण नाव, आणि शिष्यवृत्ती कुणासाठी आहे ते लाल ठसठशीत अक्षरात. मी ओरडलो, "फाड तो! आत्ताच्या आत्ता फाड!"

"का वो काका? तिनी चोरी केली का? आनंदाची गोष्ट हाय, लपवायची कशाला?"

त्यानं उतरवला, पण तोवर सकाळची गाडी भरून गेली होती. दुपारी बाप होस्टेलच्या दारात हजर. धनश्री मॅडम आडव्या उभ्या राहिल्या, म्हणून मुलगी राहिली. ज्ञानेश्वर त्या दिवशी जेवला नाही. पण ती तेव्हापासून घरी गेलेली नाही. आता तिचं शेवटचं वर्ष आहे. मी ऑपरेशनच्या टेबलावरच गेलो, खातं अडकलं, तर तिची फी कोण भरणार, या विचारानं माझा डोळा लागत नाही. म्हणून ती मी कालच भरून टाकली. मॅडम, पावती मिळाल्याचं तेवढं सोमवारच्या आत कळवा.

कलम ५. दुकानामागच्या दोन खोल्या विकू नयेत. सुट्टीत होस्टेल रिकामं होतं, तेव्हा घर तुटलेल्या मुलांनी इथं राहावं. कुणी विचारलं तर भाडेकरू म्हणून सांगावं. मच्छिंद्रला मी तीस वर्षं भागीदार म्हणत आलो, आणि ते लोकांना पटलं.

कलम ६. मच्छिंद्र याच खोल्यांत माझ्याबरोबर राहिला आणि गेला. मच्छिंद्र आणि गोरक्षनाथ! गावानं नावावरून चेष्टा केली आणि तिथंच थांबलं, बरं झालं. तो गेला तेव्हा त्याचा भाऊ हनुमंत श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा मजकूर घेऊन आला. शोकाकुल म्हणून अख्खी भावकी होती, सोसायटीचा चेअरमन होता. मी नव्हतो. मीच तो छापला. माझं नाव खाली कोपऱ्यात गेलं, दुकानाचं म्हणून, मोबाईल नंबरासकट. हनुमंतला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

निधीला मच्छिंद्रचं नाव द्यायची फार इच्छा होती. लिहून खोडलं. त्या नावावरून कुणी माझ्यापर्यंत आणि माझ्यावरून मुलांपर्यंत पोचलं तर? नकोच.

ज्ञानेश्वर, त्या बदल्यात तुझ्याकडे एक मागतो. मी गेल्यावर माझा फ्लेक्स लाव. आमच्या दोघांचे फोटो, सारख्या मापाचे, शेजारी शेजारी. लोक बोलतील, तुला ऐकून घ्यावं लागेल, गिऱ्हाईकही तुटेल. तुला जमेल का, याची मला शंका आहे. पण दोन दिवसांत त्यावर कुणाचा तरी वाढदिवस चढेल. मजकूर मी मशीनवर तयार करून ठेवलाय, त्यात निधीचा उल्लेख नाही, बदलू नकोस. कोपऱ्यात दुकानाचं नाव टाकू नकोस. मच्छिंद्रच्या फोटोखाली फक्त एवढंच:

शोकाकुल : गोरक्षनाथ.

हे माझं शेवटचं मृत्युपत्र. लिहिलं ते वाचून पाहिलं, बरोबर आहे.

सही : गोरक्षनाथ आसाराम गागरे

साक्षीदार (आमच्यासमोर सही केली) :
१. डॉ. कल्याण तांबे, श्रीरामपूर
२. रंगुबाई भागवत लोखंडे, शेजारी, श्रीरामपूर

स्थळ : श्रीरामपूर
दिनांक : ८ जानेवारी २०२६