जमिनीवर पडलेला फासा

वाकोला,
१२ जानेवारी २०२५

प्रिय कीथ,

तुझा मेसेज मिळाला. मुलांची सर्दी गेली, वाचून बरं वाटलं. माझी तब्येत ठीक. मम्मीला जाऊन महिना झाला, त्याची मिस्सा काल चर्चमध्ये झाली. शेजारचे ट्रेव्हर आणि ॲश्ली येऊन गेले. तू का आला नाहीस, हे दोघांनीही विचारलं नाही. सवय झाली आहे लोकांना.

घर विकायचं की ठेवायचं यावर तू लिहितोस, "डाइस टाकूया ना, जुन्यासारखं. व्हिडिओ कॉलवर." खाली हसरा चेहरा. तो बघत बसले आणि गॅसवरचा चहा उतू गेला.

जुन्यासारखं म्हणतोस, तर नीट आठव. दर रविवारी मिस्सेनंतर आपण दोघं, ट्रेव्हर आणि ॲश्ली, असे चौघं ह्याच टेबलाभोवती, तो राक्षसांशी लढायचा खेळ मांडून. तू गेम मास्टर. गोष्ट तू सांगायचास, राक्षस तुझे, आणि तुझा फासा पुठ्ठ्याच्या पडद्यामागे. आम्ही तिघं लढणारे, आमचे वीस बाजूंचे फासे सगळ्यांसमोर, मम्मीच्या स्टीलच्या ताटात. नियमांचं पुस्तक एवढं जाडजूड, पण मम्मीने त्यात स्वतःचा एक नियम घुसडला होता. फासा जमिनीवर पडला की तो एक, म्हणजे हरलाच, वर वीस का दिसेना. आपण सारखे तिच्या कपाटाखाली रांगायचो, त्याचा तिला वैताग. त्या नियमापायी माझी जादूगारीण दोनदा मेली. ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "एक!" आणि तू हसत मारायचास.

सहा वर्षांपूर्वी मला आयर्लंडमध्ये नर्सची नोकरी लागली आणि तुला मेलबर्नची, एकाच आठवड्यात. शुगरमुळे मम्मीच्या पायाची बोटं नुकतीच कापलेली. कोणीतरी एकाने राहायचं होतं. "ज्याचा आकडा मोठा, तो जाणार," तू म्हणालास. माझे चौदा आले, ताटात. तू मास्टर, म्हणून पडद्यामागे टाकलास. मग वाकलास. आणि म्हणालास, "एकोणीस!"

वाकलास कशाला, हे मी आजवर विचारलं नाही.

लादीवर फासा पडल्याचा आवाज मी ऐकला होता, कीथ. तुझा चेहरा पांढरा पडला होता. मी तोंड उघडलं असतं तर तू राहिला असतास आणि जन्मभर मला बोल लावला असतास. शिवाय खरं सांगते, मला चांगली मुलगी म्हणवून घ्यायचं होतं. गप्प बसले. मम्मीच्या हातच्या बॉटल मसाल्याचं पाकीटही तुझ्या बॅगेत मीच कोंबलं. आणि मग सहा वर्षं तिचं ड्रेसिंग बदलताना तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

हेही गिळलं असतं. पण शेवटच्या आठवड्यात मम्मी एकदम म्हणाली, "कीथचा फासा खाली पडलेला ना गं त्या दिवशी? मी किचनमधून ऐकलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललीस?" म्हणाली, आणि पाणी मागितलं.

मी दिलं पाणी. नियम तिचा होता, कीथ. माझ्यावर दोनदा लावला. तुझ्यावरचा राग मला झेपतो, त्याची सवय आहे. तिच्यावरचा कुठे नेऊन टाकू?

घरासाठी मी फासा टाकणार नाही आणि कुठल्या कागदावर सहीही करणार नाही. मी इथेच राहणार आहे. त्या दिवशीचा तुझा तो निळा फासा सोबत पाठवते. तिथे तुझ्या जमिनीवर टाक. काहीही आलं, तरी एक समज.

तुझी बहीण,
ॲमांडा